पायथनची पिकल फाईल लोड न करता आत काय आहे ते बघता येतं का?

दिंडोरी_रोड
नमस्कार मंडळी. आमची दिंडोरीकडं द्राक्षबाग आहे, काका बघतात, मी अंबडला नोकरीला. द्राक्षात सगळा हिशोब छाटणीपासून कितवा दिवस यावर चालतो, फवारणी पण त्यावरच, म्हणून मी पायथनमध्ये एक स्क्रिप्ट केली होती. प्रत्येक प्लॉटचा एक ऑब्जेक्ट, त्यात व्हरायटी, ऑक्टोबर छाटणीची तारीख आणि फवारण्यांची लिस्ट, आणि सगळं पिकल करून, म्हणजे पायथनच्या सोयीनं ऑब्जेक्टचे बाईट करून, एका फाईलमध्ये सेव्ह. मागच्या आठवड्यात कोड जरा नीट लावायला घेतला, क्लास उचलून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकला, नाव ‘प्लॉट’चं ‘बाग’ केलं, आणि आता लोड करायला गेलं की एरर येते की मेन मॉड्यूलमध्ये ‘प्लॉट’ सापडत नाही. परत ‘प्लॉट’ नावाचा क्लास करून बघितला तर लोड झालं पण ‘एकर’ हे मी नवीन टाकलेलं अॅट्रिब्यूट नाही म्हणून दुसरी एरर. नोटपॅडमध्ये फाईल उघडली तर चौकोन चौकोन, मधेच थॉमसन, मधेच शरद असं वाचता येतं. म्हणजे डेटा आहे ना आत? क्लासचा कोड पण त्यातच असतो असं मला वाटत होतं. एक्सपोर्टच्या मालाच्या फवारणीच्या नोंदी आहेत हो, गेल्या तर अवघड होईल.

सातपूरची_टेस्टर
आधी एक काम करा, फाईलची कॉपी काढून दुसरीकडं ठेवा आणि मूळ फाईलला हात लावू नका. डेटा आहे, घाबरू नका.

क्लासचा कोड पिकलमध्ये नसतो, फक्त नाव असतं, मॉड्यूलचं आणि क्लासचं. आणि पिकल म्हणजे ऑब्जेक्टचा फोटो पण नाही, तो ऑब्जेक्ट परत कसा उभा करायचा याच्या बारीक बारीक सूचना असतात, एकामागून एक, आणि लोड करताना पायथन त्या सूचना वाचत एका स्टॅकवर काम करत जातो. लग्नात ताटांची चळत असते ना, वर ठेवायचं आणि वरचंच काढायचं, तसा स्टॅक.

या सूचना वाचायला पायथनसोबतच पिकलटूल्स नावाचं मॉड्यूल येतं, २.३ पासून आहे, वेगळं काही इन्स्टॉल करायचं नाही. टर्मिनलमध्ये पायथन, मग डॅश एम, पिकलटूल्स, मग डॅश ए आणि शेवटी फाईलचं नाव. डॅश ए दिलं की प्रत्येक सूचनेसमोर ती काय करते ते एका ओळीत लिहून येतं. नुसतं डिस नावाचं मॉड्यूल वेगळं, ते फंक्शनचा बाईटकोड दाखवतं, बरेच जण तिथंच गल्लत करतात. पिकलटूल्सच्या आत पण डिस नावाचं फंक्शन आहे, आपल्याला ते पाहिजे.

एकदम मोठी फाईल नका घेऊ, आधी एवढुसा डिक्ट घ्या, म्हणजे की (key) आणि व्हॅल्यूच्या जोड्या ठेवायचा प्रकार, त्यात एकच जोडी, की म्हणून ‘भाव’ आणि व्हॅल्यू १८००, आणि तो प्रोटोकॉल ४ ने, म्हणजे पिकलच्या चौथ्या फॉरमॅटनं, पिकल करा. बरोबर ३० बाईट होतात. पहिले २ बाईट प्रोटो, म्हणजे प्रोटोकॉल ४ आहे. मग फ्रेम, त्याचे ९ बाईट, तो सांगतो की पुढं १९ बाईटचा गठ्ठा आहे. मग एम्प्टी डिक्ट, स्टॅकवर रिकामा डिक्ट आला. मग मेमोइझ, म्हणजे हा ऑब्जेक्ट लक्षात ठेव, पुढं लागेल. मग शॉर्ट बिनयुनिकोड, ‘भाव’ हा शब्द, यूटीएफ ८ मध्ये भ, काना आणि व असे प्रत्येकी ३ मिळून ९ बाईट, त्यामागं परत मेमोइझ. मग बिनइंट२, १८०० हा आकडा २ बाईटमध्ये, कारण २५५ च्या वर गेला, खाली असता तर बिनइंट१ आला असता. मग सेटआयटम, वरचे दोन काढून खालच्या डिक्टमध्ये टाकतो, आणि शेवटी स्टॉप, तो नुसता एक फुलस्टॉप असतो. पिकलटूल्सचं ऑप्टिमाइझ चालवलं तर ते दोन्ही मेमोइझ गळतात, कारण लक्षात ठेवलेलं कुणी परत मागितलंच नाही, आणि २८ बाईट उरतात.

हे एकदा हातानं मोजून बघा, मग तुमची फाईल सरळ वाचता येईल.

दिंडोरी_रोड
ताई, मोजलं, ३० च आले! रात्री एक वाजेपर्यंत तेच करत बसलो होतो. मग खऱ्या फाईलवर चालवलं. सुरुवातीला डबल अंडरस्कोर मेन, मग प्लॉट, मग स्टॅक ग्लोबल, एम्प्टी टपल, न्यूऑब्ज आणि एक डिक्ट सुरू होतो, त्यात नाव, व्हरायटी वगैरे नीट दिसतंय. दुसऱ्या प्लॉटपासून ‘व्हरायटी’ हा शब्द परत येतच नाही, नुसतं बिनगेट आणि एक आकडा. पण छाटणीपुढं तारीखच नाही! डेटटाईम, डेट असं येतं आणि मग बाईट आहेत, एक्स ०७, एक्स ई७, मग बॅकस्लॅश एन म्हणजे नवी ओळ, मग एक्स ०५. मी स्क्रिप्टमध्ये कुठं नवी ओळ टाकलेली नाही. फाईल खराब झाली का?

सातपूरची_टेस्टर
खराब नाही, तीच तुमची तारीख आहे. डेट पिकल होताना ४ बाईटमध्ये बसते, पहिले २ वर्षाचे, मग महिना, मग दिवस. एक्स लावलेले आकडे हेक्स, म्हणजे १६ च्या पायातले असतात, एक्स ई७ म्हणजे २३१. ७ गुणिले २५६ झाले १७९२, त्यात २३१ मिळवा, २०२३. आणि नवी ओळ या कॅरेक्टरचा नंबर १० आहे, पायथन बाईट दाखवताना १० ला बॅकस्लॅश एन लिहितो, म्हणून तुमचा ऑक्टोबर नवी ओळ होऊन बसलाय. शेवटचा ५. म्हणजे ५ ऑक्टोबर २०२३ ची छाटणी. ऑक्टोबरच्या सगळ्या प्लॉटला तसंच दिसेल.

आणि बिनगेटचं तुम्ही बरोबर पकडलं, मेमोइझ करून ठेवलेलं परत मागवायची ती सूचना.

आता ‘एकर’चं. न्यूऑब्ज फक्त न्यू ही रिकामा ऑब्जेक्ट बनवणारी मेथड बोलावतो, त्यात सुरुवातीची अॅट्रिब्यूट भरणारी इनिट चालतच नाही. मग शेवटी बिल्ड नावाची सूचना आहे बघा, ती तो डिक्ट उचलून ऑब्जेक्टमध्ये ओतते. सेव्ह केलं तेव्हा डिक्टमध्ये एकर नव्हतं, म्हणून आता पण नाही, इनिटमध्ये तुम्ही काहीही लिहा. क्लासमध्ये सेटस्टेट ही मेथड लिहा, मिळालेल्या डिक्टमध्ये एकर नसेल तर नन (None), म्हणजे ‘काही नाही’, टाका, मग ओता.

नावासाठी पिकलच्या अनपिकलर क्लासवरून, म्हणजे फाईल लोड करणाऱ्या क्लासवरून, आपला क्लास करा आणि फाइंड क्लास ही नावावरून क्लास शोधणारी मेथड बदला. मॉड्यूल मेन आणि नाव प्लॉट आलं की तुमचा नवीन बाग क्लास परत द्या, बाकी जसंच्या तसं मूळ अनपिकलरकडं पाठवा. मेन का लिहिलं गेलं, तर तुम्ही ती स्क्रिप्ट थेट चालवत होतात, थेट चालवलेल्या फाईलला पायथन मेनच म्हणतो.

गंगापूर_धरण
ताईंनी सगळं सांगितलंय, मी एकच जोडतो कारण हे मनापासून सांगावंसं वाटतं. त्या तारखेच्या बाईटखाली रिड्यूस नावाची सूचना दिसली असेल. ती म्हणते स्टॅकवरचं फंक्शन घे, त्याला हे आर्ग्युमेंट दे आणि चालव. इथं फंक्शन डेट आहे म्हणून ठीक. पण कुणी मुद्दाम बनवलेल्या फाईलमध्ये तिथं ओएसचं सिस्टिम फंक्शन ठेवलं तर लोड करता करता तुमच्या मशीनवर कमांड चालते, वाचताना ते पॉझिक्स आणि सिस्टिम असं दिसेल, विंडोजवर एनटी. पिकलटूल्स फक्त वाचतं, काही चालवत नाही, म्हणून बाहेरून आलेली फाईल आधी त्यातून बघायची आणि ग्लोबल किंवा स्टॅक ग्लोबल, म्हणजे नावावरून क्लास किंवा फंक्शन आणणाऱ्या सूचना, त्यांच्यापाशी कोणती नावं येतात ते तपासायचं. आणि त्यानं शंका आली तर लोड करायचीच नाही. मशीन लर्निंगची मॉडेलं अशीच पिकलमधून फिरतात, म्हणूनच पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीनं २.६ पासून लोड करताना फक्त वेट्स, म्हणजे मॉडेलचे आकडे, घ्यायचे हा डीफॉल्ट केला.

तुमची फाईल तुमचीच आहे तर बिनधास्त लोड करा, पण यापुढं नोंदी जेसन (साधा मजकूर) किंवा एसक्यूलाईट (एका फाईलमधला डेटाबेस) यात ठेवा. नोंदी कोडपेक्षा जास्त वर्षं टिकल्या पाहिजेत, क्लासचं नाव बदललं म्हणून फवारणीची वही बंद पडून कसं चालेल.

दिंडोरी_रोड
झालं! फाइंड क्लास ६ ओळींत बसलं, सगळे ९ प्लॉट लोड झाले, ‘एकर’ नन आलं ते काकांना विचारून भरतोय. सगळं एसक्यूलाईटमध्ये टाकलं, तारीख सरळ २०२३-१०-०५ अशी, कुणालाही वाचता येईल. खात्रीसाठी काकांची जुनी वही काढली, त्यांच्या अक्षरात पहिल्या प्लॉटसमोर ५ ऑक्टोबरच आहे. गंगापूर सर, सगळी ग्लोबलची नावं पण बघून घेतली, प्लॉट आणि डेट सोडून तिसरं काही नाही. ताई, बागेत माल तयार झाला की सातपूरला पेटी पोचवतो, नाही म्हणू नका.