मिरची-वांग्याची रोपे दोन पानांवर असतानाच मान टाकतात. मार्गदर्शन हवे आहे

सर्वांना नमस्कार. मी लातूरची. पावसाळ्यात परसबागेत लावण्यासाठी मिरची, वांगी आणि टोमॅटोची रोपे घरीच बियांपासून तयार करत आहे. त्यांतील काटेरी वांग्याचे बी माझ्या माहेरचे, औसा तालुक्यातील आहे, आणि ते पुन्हा मिळण्याची खात्री नसल्यामुळे मला त्याची फार काळजी वाटते.

काळी माती आणि शेणखत निम्मे-निम्मे मिसळून पसरट कुंड्यांत पेरणी केली. उगवण चांगली झाली, परंतु आता रोपांचा देठ मातीलगत बारीक व तपकिरी होतो आणि वरची पाने हिरवी असतानाच रोपे एका रात्रीत आडवी पडतात. कुंडीच्या एका बाजूने सुरुवात होते आणि रिकामी जागा रोज थोडी वाढत जाते. पाणी बोअरचे असून भांड्यांवर त्याचा पांढरा थर बसतो. मे महिन्याच्या उन्हामुळे कुंड्या जिन्याखालच्या सावलीत ठेवल्या आहेत.

हा रोग आहे की क्षारांचा परिणाम? उरलेली रोपे वाचतील का? आणि आता पुन्हा पेरल्यास मृगाच्या पावसावर लागवड साधेल का?

प्रतिसाद, परभणीहून:

ताई, नमस्कार. आपण सांगितलेली लक्षणे रोपमर रोगाची आहेत. क्षार वाढले तर बहुधा पानांच्या कडा करपतात. मातीलगत देठ सडून रोप कोलमडणे हे पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींचे काम आहे. काळी माती कुंडीत पाणी धरून ठेवते, त्यात सावली आणि दाट पेरणी असली की या बुरशींना हवे तसे वातावरण मिळते.

आडवी पडलेली रोपे भोवतालच्या मातीसकट काढून टाका. उरलेल्या कुंड्या सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा जागी हलवा आणि वरचा थर सुकल्यावरच, तेही सकाळी, पाणी द्या. रोपे दाट असतील तर उपटण्याऐवजी कात्रीने कापून विरळ करा, म्हणजे शेजारची मुळे दुखावणार नाहीत.

नव्या पेरणीसाठी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग चाळलेले गांडूळखत घ्या. कोकोपीटमध्येही क्षार असतात, म्हणून ते आधी गोड्या पाण्यात दोनदा धुऊन पिळून घ्यावे. बियांना ट्रायकोडर्मा (रोगट बुरशींना रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळा. प्रमाण किलोला 5 ग्रॅम असते, त्यामुळे घरच्या बियांना चिमूटभर पुरते. आमच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘बायोमिक्स’ (उपयुक्त बुरशी व जिवाणूंचे मिश्रण) मिळाले तर तेही चालेल. बी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका.

रोपे लागवडीयोग्य होण्यास साधारण पाच ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे आता पेरलेली रोपे जूनच्या उत्तरार्धात लावता येतील. मृगाचा पहिला पाऊस हुकला तरी काही बिघडत नाही. माहेरचे वांग्याचे बी मात्र सगळे पेरू नका. निम्मे कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि लावलेल्यांपैकी सर्वांत जोमदार झाडावर दोन-तीन फळे पिवळी पडेपर्यंत बियांसाठी राखा.