मदत हवी आहे : एडिसन स्टँडर्डवर सुई पुढे उड्या मारते आणि गती पडते

सप्तक
एडिसन स्टँडर्ड फोनोग्राफ आहे. चावी पूर्ण भरते. सिलिंडर (गाणं कोरलेली नळी) लावलं की गाणं दर काही फेऱ्यांनी पुढे उडी मारतं, आवाज बारीक आणि खरखरीत येतो, आणि अर्ध्यावर गेल्यावर गती पडायला लागते. तेल घालून झालं, काही फरक नाही. कर्णा मूळचा, रिप्रोड्यूसरही (खोबणीतलं टोक धरून आवाज काढणारी डबी) मूळचा. येत्या रविवारी चार लोकांसमोर वाजवायचा आहे, त्यामुळे नेमका उपाय सांगा. शिवाय हे यंत्र कोणत्या साली बनलं तेही कळलं तर बरं.

जुनी_तबकडी
सुई प्रत्येक बाजूला नवीन लावता का? पोलादी सुई एकदाच वापरायची असते. एक बाजू वाजली की तिचं टोक सपाट होतं आणि मग ती खोबण कापत जाते. निम्म्या तक्रारी सुई बदलली की मिटतात.

मेणवाला
@जुनी_तबकडी, हे तबकडीचं यंत्र नाही, सिलिंडरचं आहे. यात पोलादी सुई नसतेच. रिप्रोड्यूसरला नीलमण्याचं टोक कायमचं बसवलेलं असतं.
@सप्तक, तीन गोष्टी सांगा. पाटीवर मॉडेलचं अक्षर कोणतं? रिप्रोड्यूसरवर अक्षर कोणतं? सिलिंडर कोणतं? याशिवाय कुणीही काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

पितळी_कर्णा
गती पडते म्हणजे स्प्रिंग गेली. बदलून टाका. शंभर वर्षांच्या पोलादाकडून काय अपेक्षा ठेवायची?

गव्हर्नर
स्प्रिंग इतक्या लगेच बदलायची नसते. जुन्या स्प्रिंगमध्ये बहुतेक वेळा दोष वंगणाचा असतो. ते वाळून चिकट झालेलं असतं, वेटोळी एकमेकांना धरून ठेवतात आणि एकदम सुटतात. स्प्रिंगच्या डब्यातून 'धप्' असा आवाज येतो का? येत असेल तर स्प्रिंग साफ करून नवं वंगण भरा, तीच स्प्रिंग अजून बरीच वर्षं चालेल. आणि तेल कुठे घातलंत ते लिहा. 'तेल घातलं' म्हणजे नेमकं काय केलं, हे कळत नाही.

सप्तक
पाटीवर मॉडेल बी. रिप्रोड्यूसरवर सी. सिलिंडर एडिसनचंच आहे, निळं. तेल शिवणयंत्राचं, वरून दिसतील त्या सगळ्या जागी घातलं. धप् आवाज कधीकधी येतो.

मेणवाला
सापडलं. निळं सिलिंडर म्हणजे ब्लू अँबेरॉल, १९१२ पासूनचं, चार मिनिटांचं. तुमचं यंत्र दोन मिनिटांचं आहे.

दोन मिनिटांच्या सिलिंडरवर इंचाला १०० खोबणी असतात, चार मिनिटांच्या सिलिंडरवर २००. मॉडेल बीचा लांब फिरकी-स्क्रू रिप्रोड्यूसरला दर फेरीला इंचाचा शंभरावा भाग पुढे नेतो. निळ्या सिलिंडरची खोबण मात्र दर फेरीला त्याच्या निम्मीच सरकते. रिप्रोड्यूसरला थोडी बाजूची मोकळीक असते, तेवढा वेळ टोक खोबणीत टिकून राहतं. मोकळीक संपली की ओढ बसते आणि ते पुढच्या खोबणीत पडतं. तुमच्या उड्या याच. आवाज बारीक आणि खरखरीत येतो कारण सी रिप्रोड्यूसरचं टोक दोन मिनिटांच्या रुंद खोबणीसाठी घडवलेलं आहे. निम्म्या रुंदीच्या खोबणीत ते तळाला पोचतच नाही, कडांवरून घासत जातं.

वाजवणं आत्ता थांबवा. निळं सिलिंडर सेल्युलॉइडचं असतं आणि ते चिवट, म्हणून अजून टिकलं असेल, पण दर वेळी खोबणींच्या भिंती झिजतात.

शेलॅक_७८
सोपा उपाय आहे. डायमंड बी रिप्रोड्यूसर मिळवा. निळ्या सिलिंडरसाठी हिऱ्याचंच टोक योग्य. जुन्या यंत्रांवर ते बसावं म्हणूनच एडिसनने काढलं होतं.

मेणवाला
अर्धवट सल्ला देऊ नका. हिऱ्याचं टोक लावलं तरी स्क्रूची चाल तीच राहणार, उड्या थांबणार नाहीत. आधी चार मिनिटांचा गिअर हवा, मग रिप्रोड्यूसरचा विचार. दुसरं त्याहून महत्त्वाचं. डायमंड रिप्रोड्यूसर मेणाच्या सिलिंडरवर कधीच टेकवायचा नाही. वजन जास्त, टोक कठीण, मेण एका वाजवण्यात सोलून निघतं. घरात दोन्ही प्रकारची सिलिंडरं असतील आणि यंत्र हाताळणारे हात अनेक असतील, तर ही चूक कधी ना कधी होतेच.

शेलॅक_७८
निळ्यावर हिरा योग्य, हे तर बरोबरच आहे ना? मेणावर लावा असं मी म्हटलेलं नाही.

चावीभर
दोघांचंही बरोबर, पण @सप्तक यांना पर्याय कळू देत.
एडिसनने १९०८ मध्ये चार मिनिटांची अँबेरॉल सिलिंडरं काढली तेव्हा जुन्या यंत्रांसाठी जोड-गिअरचे संच विकले. त्यात मँड्रेल (सिलिंडर चढवायचा फिरता दांडा) आणि स्क्रूच्या मधे असा गिअर बसतो की स्क्रू निम्म्या वेगाने फिरतो. स्क्रू तोच, फक्त चाल निम्मी. सोबत एच रिप्रोड्यूसर, बारीक टोकाचा. तुमच्या मॉडेलसाठी बनलेला पूर्ण संच मिळाला तर मूळ भागांना भोक न पाडता बसतो. सुटे भाग गोळा करून जुळवत बसलात तर दातांमध्ये मोकळीक राहते आणि स्वर डुगडुगतो.
नाहीतर मॉडेल बी दोन मिनिटांचंच राहू द्या आणि त्यासाठी काळी गोल्ड मोल्डेड (साच्यातून काढलेली मेणाची) सिलिंडरं घ्या. निळ्यांसाठी अँबेरोला ३० सारखं वेगळं यंत्र. मला हेच पटतं. मूळ अवस्थेतलं मॉडेल बी बदलण्यासारखं नाही.

पितळी_कर्णा
काळं ते दोन मिनिटांचं, असं समजू नका. १९०८ ते १९१२ मधली चार मिनिटांची मेणाची अँबेरॉलंही काळीच आहेत, आणि फार ठिसूळ. भिंगाखाली मिलिमीटरची पट्टी धरून खोबणी मोजा. एका मिलिमीटरमध्ये चारच्या आसपास असतील तर दोन मिनिटांचं, आठच्या आसपास असतील तर चार मिनिटांचं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं, प्रकाश बाजूने पाडा.

सप्तक
बरं, उड्यांचं कळलं. पण गती का पडते? आणि साल?

तारीखवार
सालाचं मी सांगतो. स्टँडर्ड १८९८ मध्ये आलं. मॉडेल एला मँड्रेलच्या उजव्या टोकाला उघडझाप करणारी आधाराची फाटकपट्टी असते. मॉडेल बीमध्ये ती काढून टाकली. बी साधारण १९०५ च्या अखेरीपासून, आणि १९०८ मध्ये सी आणि डी आल्यावर ते मागे पडलं. तेव्हा तुमचं यंत्र या तीनेक वर्षांतलं.
पाटीवरच्या पेटंटच्या तारखा बनवल्याच्या तारखा नाहीत. सगळ्यात शेवटची तारीख फक्त इतकंच सांगते की यंत्र त्याआधीचं नाही. कंपनीचं नावही बघा : नॅशनल फोनोग्राफ कंपनी असेल तर १९११ किंवा त्याआधीचं, थॉमस ए. एडिसन इन्कॉर्पोरेटेड असेल तर त्यानंतरचं. अनुक्रमांकाने कालखंड आणखी आवळता येतो. मात्र पेटी आणि यंत्र एकाच जोडीतले आहेत का हे आधी तपासा. यंत्राच्या पट्टीची भोकं आणि लाकडातली भोकं जुळत नसतील, किंवा जुनी भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवलेली दिसली, तर पेटी नंतरची. झाकणावरचं चिन्ह पाहून साल ठरवू नका, ती चित्रं आज नव्याने छापलेली मिळतात.

गव्हर्नर
आता गतीचं. खोलण्याआधी अडचण कुठे आहे ते शोधा.
रिप्रोड्यूसर वर उचलून, सिलिंडर न लावता यंत्र चालवा. तरीही गती पडत असेल तर पट्टा काढा आणि नुसती मोटर चालवा. नुसती मोटरच मंदावत असेल तर दोष स्प्रिंग, गिअर किंवा गव्हर्नरमध्ये (गती एकसारखी राखणाऱ्या फिरत्या वजनांच्या भागात). पट्टा लावल्यावरच मंदावत असेल तर पट्टा जास्त ताणलेला आहे किंवा मँड्रेलच्या बेअरिंगमध्ये जुनं तेल गोठलंय. आणि सगळं ठीक चालून सिलिंडर लावल्यावरच मंदावत असेल तर हाफ-नट (स्क्रूच्या आट्यांत बसून रिप्रोड्यूसरला पुढे नेणारा अर्धा नट) स्क्रूवर जास्त दाबून बसलाय किंवा टोक घासतंय.
हे करून काय दिसलं ते लिहा, पुढचं मग सांगतो.

जुनी_तबकडी
पट्टा घसरत असेल तर राळेची पूड लावा, लगेच पकडतो.

चावीभर
राळ नको. ती पुलीवर थर करते, थर एकसारखा नसतो आणि मग दर फेरीला स्वर हलतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूचं तेल पुसा, ती बाजू बारीक सँडपेपरने किंचित खरबरीत करा. जोड तिरका छाटून चिकटवलेला असावा. जोड जाड असेल तर पुलीवरून जाताना दर वेळी धक्का बसतो. बऱ्याच जणांना तो धक्का स्प्रिंगचा वाटतो.

सप्तक
केलं. नुसती मोटरही अर्ध्या चावीनंतर मंदावते. आणि धप् आवाज तेव्हाच येतो. आता स्प्रिंगचा डबा उघडू का?

गव्हर्नर
थांबा. चावी भरलेली असताना एकही स्क्रू सैल करायचा नाही. मोटर चालू ठेवून स्प्रिंग पूर्ण उतरवा, थांबल्यावरही हाताने किंचित फिरवून बघा. भरलेल्या स्प्रिंगवर गव्हर्नर काढला तर गिअर बेलगाम सुटतात, दात तुटतात, बोटं गेली तर तीही.

उतरल्यावर डबा काढा. झाकण उघडल्यावर स्प्रिंग दाबाखालीच असते. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा असल्याशिवाय तिला हात लावू नका. मध्यावरून एकेक वेटोळं बाहेर काढायचं, दुसऱ्या हाताने बाकीची डब्यात दाबून धरायची. एकदम ओढली तर ती हातातून निसटून खोलीभर उलगडते आणि तिची कड धारदार असते.
रॉकेलने जुना काळा थर धुवा, कापडाने कोरडी करा. टोकांची भोकं बघा. भोकाच्या कडेपासून बारीक भेग निघालेली असेल तर ती स्प्रिंग उद्या तुटणार, तेव्हा मात्र बदला. भेग नसेल आणि उलगडलेली स्प्रिंग छान पसरत असेल तर तीच परत. भरताना वेटोळ्यांमध्ये वंगणाचा पातळ थर द्या, डबा गच्च भरू नका. जास्तीचं वंगण उन्हाळ्यात पाझरून गव्हर्नरवर येतं.

पितळी_कर्णा
वंगण कोणतं? ग्रॅफाइट आणि व्हॅसलीन हेच जुनं आणि खात्रीचं.

गव्हर्नर
व्हॅसलीन काही वर्षांत सुकतं, ग्रॅफाइट तेवढं मागे राहतं आणि पुन्हा तोच धप्. मॉलिब्डेनम असलेलं कृत्रिम वंगण वापरा.

पितळी_कर्णा
ज्यांनी ही यंत्रं बनवली त्यांनी ग्रॅफाइटच दिलं होतं.

गव्हर्नर
त्यांच्याकडे दुसरं नव्हतं. आपल्याकडे आहे.

चावीभर
डबा बंद करून मोटर बसवताना गव्हर्नरकडे बघून घ्या. तीन वजनं, तीन पातळ पट्टी-स्प्रिंगा. एक जरी तडकलेली असेल तर गती घोड्यासारखी उड्या मारते. दोन टोकांमधली फट इतकीच ठेवा की दांडा मोकळा फिरेल पण पुढेमागे ठकठकणार नाही. ब्रेकच्या चामड्याला तेलाचा एकच थेंब. ते कोरडं राहिलं तर चिरचिर ऐकू येते.
गती तपासायला मँड्रेलवर कागदाची चिठ्ठी लावा आणि १५ सेकंदांत फेऱ्या मोजा. ४० व्हायला हव्यात, म्हणजे मिनिटाला १६०. मोल्डेड सिलिंडरांची गती हीच. जुन्या तपकिरी मेणाच्या सिलिंडरांना हा हिशेब लागू नाही, ती सहसा कमी गतीने मुद्रित झालेली असतात.

मेणवाला
काळी सिलिंडरं घ्याल तेव्हा : दोन बोटं आत घालून पसरवून धरा, बाहेरून हात लावू नका. थंड जागेतून आणलेलं मेण लगेच हाताळलं तर बोटांच्या उबेने तडकतं, आधी एक दिवस खोलीत राहू द्या. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, ती मेण खाते. पाणी, स्पिरिट काही लावू नका. कोरड्या मऊ ब्रशने खोबणीच्या दिशेने झाडा. ठिपक्यांखालचा आवाज गेलेला असतो, तो परत येत नाही.
निळी सिलिंडरं ओलसर कापडाने पुसता येतात, पण आतल्या प्लास्टरला पाणी लागता कामा नये. प्लास्टर ओलाव्याने फुगतं आणि मग सिलिंडर मँड्रेलवर पूर्ण बसत नाही. जोर करून ढकलू नका, सेल्युलॉइड फाटतं.

सप्तक
स्प्रिंग निघाली. भोकांना भेग नाही. वंगण भरून बसवली, १५ सेकंदांत ३८ भरल्या, नियंत्रणाच्या स्क्रूने ४० वर आणल्या. शेवटपर्यंत टिकतात. एकांकडून दोन काळी सिलिंडरं मिळणार आहेत. रिप्रोड्यूसरचं टोक बरं आहे का हे कसं बघू?

मेणवाला
चाळीस पट भिंगाखाली बघा, साध्या भिंगात कळणार नाही. सीचं टोक दाराच्या मुठीसारखं गोल आणि चकचकीत दिसायला हवं. एका बाजूला सपाट चट्टा किंवा टवका दिसला तर मेणावर टेकवू नका. कापसाचा धागा टोकावरून हलकेच ओढा, अडकला तर टवका आहेच. आतली रबरी गॅस्केट दगडासारखी झाली असतील तर तीही बदला, नाहीतर टोक चांगलं असूनही आवाज फाटतो. मिळणाऱ्या दोन सिलिंडरांच्या खोबणी आधी मोजा.

शेलॅक_७८
विषयांतर होतंय, पण माझ्या पेटी-ग्रामोफोनच्या आवाजनळीच्या हाताला आपोआप भेगा पडल्यात. चिकटवता येईल का?

तारीखवार
जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा असेल तर धातूच आतून फुगतोय. चिकटवला तरी शेजारी नवी भेग जाईल. जोर लावून साउंडबॉक्स (सुई धरणारी आवाजाची डबी) काढू नका, गळाच तुटेल. नवा धागा काढा, बुडाच्या सांध्याचा आणि साउंडबॉक्सच्या मागचा असे दोन फोटो टाका.