गुहागरच्या किनाऱ्यावर चाळीस माणसांचे लग्न : मुहूर्त सकाळचा घ्यावा की गोरज?

सातारची आत्या :

नमस्कार. माझ्या भाचीचे लग्न येत्या माघात करायचे ठरले आहे. आम्ही सातारचे, व्याही सांगलीचे. कार्यालयात पाचशे पाने उठवण्याचा बेत मुलांनी पहिल्याच बैठकीत मोडीत काढला आणि आमचे कुलदैवत व्याडेश्वर असल्यामुळे देवाचे दर्शन घेऊन गुहागरच्या किनाऱ्यावरच, दोन्हीकडची मिळून चाळीस माणसे बोलावून, विधी करावेत असे सुचवले. भाऊ आधी नाराज होता, पण आता तोच सर्वांत उत्साहाने कामाला लागला आहे.

गुरुजींनी दोन मुहूर्त काढून दिले आहेत. पहिला माघ शुद्ध पंचमीचा, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांचा. दुसरा शुद्ध दशमीचा, गोरज. मावळत्या सूर्यासमोर अंतरपाट धरलेला असावा अशी भाचीची इच्छा असल्याने सर्वांचा कल दुसऱ्याकडे आहे. किनारा सार्वजनिक असल्यामुळे परवानगी कोणाकडे मागावी, वाळूत मांडव उभा राहतो का, आणि ब्याऐंशी वर्षांच्या माझ्या आईला तिथवर कसे न्यावे, हे मला कळत नाही. ज्यांनी असे कार्य केले किंवा जवळून पाहिले असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वाशिष्ठीकाठ :

ताई, माझे बालपण गुहागर तालुक्यात गेले आणि नोकरीमुळे गेली वीस वर्षे मी साताऱ्यात आहे, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. परवानगी आणि मांडव यांच्याही आधी भरतीचा विचार करा, कारण तुम्ही पसंत केलेला मुहूर्त नेमका भरतीत सापडतो आहे.

आमच्याकडे जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगत असत. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब दशमीला लावला तर भरती साडेसातला येते. माघात आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे मंगलाष्टके चालू असतील तेव्हा पाणी मांडवाच्या दिशेने चढत असेल. त्यातही मुंबईपेक्षा दक्षिणेच्या किनाऱ्यावर भरती थोडी आधी येते, त्यामुळे सप्तपदी आणि पूर्ण भरती यांची गाठ एकाच वेळी पडण्याचा संभव अधिक. दशमीची भरती पौर्णिमेच्या उधाणाएवढी मोठी नसते हे खरे. तरी पुळणीचा जो कोरडा पट्टा उरेल त्यात चाळीस माणसे, होमकुंड आणि संध्याकाळी फिरायला आलेले पर्यटक हे सगळे कसे मावणार, याचा विचार करावा.

पंचमीचा हिशेब याच्या उलट आहे. पहाटे पावणेचारला भरती आणि दहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी, म्हणजे नऊ वीसच्या मुहूर्ताला पाणी मागे सरकत असेल, किनारा रुंद मिळेल आणि ओली वाळू पायाखाली घट्ट असेल. पाऊणपटीचा हिशेब अंदाजाचा आहे, तो तासाभराने चुकू शकतो. म्हणून त्या तारखेचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहिल्याशिवाय पत्रिका छापायला देऊ नका.

सकाळच्या बाजूने आणखी दोन गोष्टी आहेत. गुहागरचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि त्याच्या मागे सुरूचे बन आहे, त्यामुळे सकाळी बनाच्या कडेला सावली असते आणि छताची फारशी गरज पडत नाही. दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि संध्याकाळपर्यंत वाहत राहतात. अशा वाऱ्यात होमाची ज्वाळा आडवी होते, धूर थेट नवरा-नवरीच्या डोळ्यांत जातो, आणि अंतरपाटाचे तर शीड होते. (माझ्या चुलतभावाच्या लग्नात मामांच्या हातून अंतरपाट सुटला आणि मुहूर्ताच्या दोन मिनिटे आधीच नवऱ्याने नवरीचे तोंड पाहिले. त्यावरून अजूनही घरात चेष्टा होते.) सकाळी हा वारा बहुधा पडलेला असतो.

आईंच्या प्रवासाबद्दल : साताऱ्याहून उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर करून कुंभार्ली घाट उतरायचा आणि चिपळूणमार्गे गुहागर गाठायचे. सांगलीची मंडळी कऱ्हाडवरून येऊन मल्हारपेठेला तुम्हाला मिळतील. घाटाची वळणे पाहता आदल्या दिवशी दुपारीच निघावे आणि मुक्कामासाठी ज्या घराची वाडी मागे थेट किनाऱ्यावर उघडते असे घर पाहावे. गुहागरात अशी नारळी-पोफळीच्या वाड्यांची घरे आहेत. मग आईंना जेमतेम शंभर पावले चालावे लागेल, स्वच्छतागृह जवळ असेल आणि जेवणाची पंगतही वाडीच्या सावलीत बसवता येईल. किनाऱ्यावर फक्त तासाभराचा विधी ठेवावा, बाकी सारे वाडीत.

विश्रामबाग :

आम्ही सांगलीकर. तीन वर्षांपूर्वी मुलीचे लग्न कोकणातल्या एका किनाऱ्यावर केले, तो अनुभव सांगतो. स्थानिक नगरपंचायत, तहसील कार्यालय, पोलीस ठाणे आणि बंदर खाते या चारही ठिकाणी आम्ही एकाच मजकुराचा अर्ज दिला. तारीख, वेळ, माणसांची संख्या, जागेचा साधा नकाशा आणि जागा स्वच्छ करून परत देण्याची हमी एवढेच त्यात होते. एका कार्यालयाने ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे तोंडी सांगितले, तेव्हा आम्ही अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. लग्नाच्या दिवशी चौकशीला आलेल्या शिपायाला तीच दाखवावी लागली. तुम्ही दीड-दोन महिने हाताशी ठेवा.

भरतीरेषा आणि ओहोटीरेषा यांमधला पट्टा किनारा नियमन क्षेत्राच्या 2019 च्या अधिसूचनेत संरक्षित वर्गात मोडतो, म्हणून मांडववाल्याला आधीच बजावून ठेवा की खड्डे खणायचे नाहीत, सिमेंट ओतायचे नाही आणि टेम्पो वाळूत घालायचा नाही. टेम्पो रुतला तर तो काढण्यात मुहूर्त जातो, हे आमच्याकडे थोडक्यात टळले. आम्ही चार बांबू वाळूच्या पोत्यांत रोवले, वर कापड न टाकता नुसती झेंडूची तोरणे बांधली. खुर्च्यांचे पाय वाळूत बुडतात आणि वयस्कर माणूस मागे कलंडतो, त्यासाठी खाली प्लायवूडचे तक्ते टाकले.

लाटांच्या आवाजात गुरुजींचे शब्द तिसऱ्या रांगेपुढे पोहोचत नाहीत. ध्वनिक्षेपकाची परवानगी निराळी घ्यावी लागते. त्याऐवजी माणसांना अर्धवर्तुळात जवळ बसवले की काम भागते. किनारा सर्वांचा असल्यामुळे दोर बांधून इतरांना अडवता येणार नाही, हे व्याह्यांनाही आधी सांगून ठेवा. आमच्या लग्नात कोणा पर्यटकाची दोन मुले अक्षता टाकायला येऊन उभी राहिली आणि पेढे घेऊनच गेली.

निवृत्त लिपिक, सातारा :

फक्त कायद्यापुरते लिहितो. हिंदू विवाह अधिनियम, 1955 मधील कलम 7 नुसार विवाह रूढ विधींनी व्हावा लागतो आणि जेथे सप्तपदी त्या विधींचा भाग असते तेथे सातव्या पावलाला तो पूर्ण होतो. तो कार्यालयात व्हावा की किनाऱ्यावर, याबद्दल त्यात अट नाही. विधी झालेच नसतील तर केवळ नोंदणीने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘छोटे लग्न’ म्हणून होम आणि सप्तपदी गाळू नका, त्यांची छायाचित्रे घ्या. नोंदणी 90 दिवसांच्या आत करावी. अर्जावर तीन साक्षीदार आणि पुरोहित यांच्या सह्या लागतात. गुरुजी साताऱ्याहूनच नेणार असाल तर पुढे सहीसाठी गुहागरला खेप पडणार नाही.

सातारची आत्या :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री भावाला आणि भाचीला हे वाचून दाखवले. पाऊणपटीचा हिशेब भावाने स्वतः कागदावर दोनदा मांडून पाहिला आणि मग गप्प बसला. पंचमी म्हणजे वसंत पंचमी, हे गुरुजींनी लक्षात आणून दिल्यावर आईचाही होकार मिळाला. भाचीला मात्र सूर्यास्त हवाच आहे. संध्याकाळी किनाऱ्यावर दिवे लावून फक्त छायाचित्रे काढली तर चालतील का?

वाशिष्ठीकाठ :

सूर्यास्ताची छायाचित्रे अवश्य काढा, पण दिवे लावू नका. माघात गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ असतो. मादी रात्री अंडी घालायला येते आणि उजेड दिसला की परत फिरते. पिल्लेही समुद्राऐवजी दिव्याकडे चालू लागतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली या कासवांना संरक्षण आहे, म्हणून पाचवा अर्ज नव्हे, पण एक दूरध्वनी वन विभागाला करून त्या दिवसांत घरटी कोठे आहेत आणि पिल्ले सोडण्याची वेळ कोणती, हे विचारून घ्या. वेळ जुळली तर तुमच्या चाळीसही पाहुण्यांना पिल्ले पाण्यात जाताना पाहता येतील.

आणि कंदी पेढे साताऱ्याहून नेणार असाल तर घट्ट झाकणाच्या डब्यांतून न्या. खाऱ्या हवेत ते संध्याकाळपर्यंत ओलसर होतात.