न्यू जर्सीतले मुक्कामी गीज: अंड्यांना तेल लावणं पुरेसं आहे का?

तळेकाठ: इथल्या तळ्यांवरचे कॅनडा गीज (हंसासारखे मोठे पाणपक्षी) फार झालेत, म्हणून थवे पकडून मारावेत असं काहीजण म्हणतात. हे गीज हिवाळ्यात दक्षिणेला जात नाहीत, कारण ती वाट त्यांना कुणी दाखवलेलीच नाही. शिकारी पूर्वी जिवंत गीज आमिष म्हणून पाळत. १९३५मध्ये त्यावर बंदी आली, पाळलेले बरेच थवे सोडले गेले आणि आजच्यांपैकी अनेक त्यांचेच वंशज आहेत. पिल्लं मार्ग शिकतात ती आईबापांमागे उडून. १९९३मध्ये बिल लिशमन या कॅनडातल्या शिल्पकार-वैमानिकाने छोट्या विमानामागून काही गीज कॅनडातल्या ऑन्टारिओहून व्हर्जिनियाला नेले. पुढच्या वसंतात त्यांतले बरेच आपले आपण परतले! म्हणून पकडून मारणं मला अन्यायाचं वाटतं. अंड्यांना तेल लावा, म्हणजे कवचाची छिद्रं बंद होतात आणि पिल्लू वाढत नाही.

आधी फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडे (अमेरिकेचं वन्यजीव खातं) नोंदणी करा. ती दरवर्षी लागते. घरट्यावर दोघांनी जायचं, एकाने उघडी छत्री धरून नराला थोपवायचं. अंडी साधारण ५-६ असतात. प्रत्येक अंडं पाण्यात सोडून बघा. बुडालं तर मक्याचं तेल लावा. तरंगलं तर उबवायला लागून १४ दिवस उलटलेत, आत पिल्लू बरंच वाढलंय. ते तेल न लावता पुसून परत ठेवा. तेल अख्ख्या कवचाला लागायला हवं, नाहीतर उरलेल्या छिद्रांतून हवा जात राहते. अंडी उचलून नेऊ नका, मादी पुन्हा घालते. तेल लावलेली अंडी मात्र ती पिल्लं निघायला लागणारे २८ दिवस उलटले तरी उबवत बसते, तोवर हंगाम सरतो.

पाणपिसं: कृती बरोबर, निष्कर्ष पटला नाही. तेलाने नवी पिल्लं थांबतात. आहेत ते पक्षी वीस वर्षंही जगू शकतात. बेटावरचं नाहीतर गच्चीवरचं एखादं घरटं नजरेतून सुटतंच. जून-जुलैमध्ये उड्डाणपिसं गळून ते उडू शकत नाहीत, तेव्हाच थवा पकडता येतो. विमानतळाजवळ तेलाचा परिणाम दिसेपर्यंत थांबणं परवडणारं नाही. २००९मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीत विमान उतरवावं लागलं, ते गीजमुळेच.

गवताळ: हडसनचं उदाहरण इथे लागू होत नाही. इंजिनांतल्या पिसांमधले हायड्रोजनचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) तपासले गेले. पीस जिथे वाढतं तिथल्या पाण्याची खूण त्यात राहते. ते गीज ईशान्य कॅनडातल्या लॅब्राडॉरकडून आलेले, स्थलांतर करणारे निघाले. मुक्कामी थवा मारून तो अपघात टळला नसता.

आणि मूळ दुखणं म्हणजे पाण्यापर्यंत कापलेलं लॉन. काठावर २०-३० फुटांचा पट्टा कापूच नका, गवत कमरेपर्यंत येऊ द्या. पिल्लांसह चालणाऱ्या जोडीला पलीकडे दबा धरलेला कोल्हा दिसत नाही, म्हणून ती तिथून वर यायला बिचकते. मधून पायवाट ठेवलीत की सगळं फुकट, त्याच फटीतून अख्खा थवा लॉनवर येतो. नुसता कुत्रा सोडलात तर ते शेजारच्या तळ्यावर जातात.

तळेकाठ: पट्टा हवाच. पण पाणपिसं, तेलाचा फायदा त्याच उन्हाळ्यात दिसतो. पिल्लं नसलेल्या बऱ्याच जोड्या पिसं गाळायला उत्तरेला निघून जातात. मग ऐन उन्हाळ्यात पकडायला उरतात किती?

पाणपिसं: जातात कुठे, तेही बघा. काही कॅनडातल्या जेम्स उपसागराच्या काठी जातात. तिथल्या खाऱ्या दलदलीतल्या गवतावर तिथेच घरटी करणाऱ्या गीजची पिल्लं वाढतात, आणि आपले बिनपिल्लांचे पक्षी तेच गवत चरतात. सोसायटीचं लॉन मोकळं झालं, पण भार पडला तो खऱ्या स्थलांतर करणाऱ्यांवर. म्हणून मी तेल लावूनही थवा कमी करायच्याच बाजूचा आहे.