मॉड्यूलमधून पेज रीड-ओन्ली केलं तरी राइट कधी अडतो, कधी होऊन जातो. काऊन?

सावजी_सेगफॉल्ट

मंडळी, फायनल इयरचा प्रोजेक्ट करून राहिलो. उबुंटू २२.०४, कर्नल ५.१५, व्हीएमला चार कोअर दिलेत. माझ्या मॉड्यूलमध्ये (चालू कर्नलला जोडायचा कोड) फंक्शन पॉइंटरचं एक टेबल आहे, लोड होताना सीपीयूचे फीचर पाहून ते एकदाच भरतो आणि नंतर त्याला कोणी हात लावू नये म्हणून त्याचं पेज (मेमरीचा ४ केबीचा तुकडा) रीड-ओन्ली करायचं आहे. त्यासाठीचं कर्नलचं फंक्शन सेट_मेमरी_आरओ लावून पाहिलं तर बिल्डमध्येच मॉडपोस्ट (बिल्डच्या शेवटी नावं तपासणारं टूल) म्हणते अनडिफाइन्ड. म्हणून लुकअप_अ‍ॅड्रेसनं पीटीई (पेज टेबलमधली त्या पेजची एंट्री) काढला आणि त्यातला राइटची परवानगी देणारा आरडब्ल्यू बिट (बिट १) हातानंच क्लिअर केला.

आता टेबलाची मेमरी केमॅलॉकनं घेतली असली तर बिट काढल्याबरोबर व्हीएम मरते आणि ऊप्स (कर्नलचा क्रॅश रिपोर्ट) माझ्या कोडमध्ये नाहीच, भलत्याच ड्रायव्हरमध्ये दिसते. व्हीमॅलॉकनं (अख्खी वेगळी पेजं देणारं फंक्शन) घेतली असली तर मरत नाही, पण टेस्ट राइट कधी अडतो, कधी खुशाल होऊन जातो. पीटीई परत वाचून प्रिंट केला, बिट शून्यच आहे. मग राइट होतो कसा? दोन दिवसांनी गाइडला दाखवायचं आहे आणि रूमवर कूलर बंद पडला आहे, डोस्कं चालून नाही राहिलं.

बर्डी_बॉय

सिस्कॉल टेबल (कर्नलच्या सेवांच्या पत्त्यांची यादी) हुक करून राहिला का बे, खरं सांग 😄 असल्या कामाला सगळे सीपीयूच्या सीआर-झिरो रजिस्टरचा डब्ल्यूपी (राइट प्रोटेक्ट) बिट काढतात, बिट १६, दोन ओळींचं काम आहे, पेज टेबलच्या भानगडीत पडायचं कामच नाही.

पेजफॉल्ट_काका

बर्डी_बॉय, त्याला कुलूप लावायचं आहे आणि तू त्याला कुलूप तोडायची आयडिया देऊन राहिला. डब्ल्यूपी काढला की कर्नलला रीड-ओन्ली पेजवर पण लिहिता येतं, म्हणजे पोराला पाहिजे त्याच्या बरोबर उलटं. शिवाय तो बिट त्या एका कोअरचा असतो, मधातच शेड्युलरनं तुला दुसऱ्या कोअरवर टाकलं की झालं. आणि कर्नल ५.३ पासून (२०१९) कर्नलच्या स्वतःच्या फंक्शननं तो बिट काढायला गेलं तर ते वॉर्निंग देऊन परत लावून टाकतं.

आता सावजी, तुझ्याकडे. लुकअप_अ‍ॅड्रेसला दुसरा आर्ग्युमेंट देतोस ना, लेव्हलचा, तो प्रिंट करून पाहिला का? केमॅलॉकची मेमरी डायरेक्ट मॅपमधली (सगळ्या रॅमचा कर्नलमधला सरळ नकाशा) असते आणि एक्स८६ वर कर्नल तो मॅप शक्यतो २ एमबीच्या, जमलं तर १ जीबीच्या पेजनं करतो. तिथं तुला लेव्हल २ मिळत असेल. म्हणजे तू पीटीई समजून ज्याचा बिट काढला तो पीएमडी (एक पायरी वरची, २ एमबीची एंट्री) आहे, आणि तुझ्या टेबलाच्या शे-दोनशे बाइटसाठी अख्खे २ एमबी रीड-ओन्ली झाले. त्या २ एमबीत कोणाकोणाचे स्लॅब (केमॅलॉकचे मेमरीचे गठ्ठे) असतील देव जाणे, त्यातल्या ज्यानं पहिले लिहिलं तो मेला. म्हणूनच ऊप्स भलतीकडे. ४ केबीचं पेज असतं तरी हेच झालं असतं, फक्त मरणारे कमी, कारण केमॅलॉक एका पेजमध्ये दहा जणांना बसवतो.

कर्नलचा स्वतःचा कोड इथे आधी मोठं पेज फोडतो. नवीन पेज टेबल घेतो, त्यात ५१२ एंट्र्या, सगळ्यांना जुनेच अ‍ॅट्रिब्यूट, आणि मग फक्त तुझ्या ४ केबीचा बिट बदलतो. प्रॉक मेमइन्फोमध्ये शेवटी डायरेक्टमॅप४के आणि डायरेक्टमॅप२एम अशा ओळी असतात, पेज फुटलं की दुसरी कमी होऊन पहिली वाढते. तुझ्या ५.१५ मध्ये फुटलेलं परत जोडल्या जात नाही, रीबूटपर्यंत तसंच.

व्हीमॅलॉकची गोष्ट वेगळी आहे. तिथं तुला खरोखर ४ केबीचा पीटीई मिळाला आणि बिट पण बरोबर गेला, पण टीएलबी (पेज टेबलच्या एंट्र्यांची प्रत्येक कोअरची कॅश) फ्लश कुठं केला? ज्या कोअरनं ते पेज आधी लिहिण्यासाठी वापरलं त्याच्या टीएलबीत जुनी एंट्री, राइटची परवानगी असलेली, अजून बसून आहे. नागपूरच्या बर्डीवर रस्ता वन-वे करून बोर्ड लावला तरी रोजचा ऑटोवाला बोर्ड न पाहता घुसतोच, तसं. टेस्ट थ्रेड नव्या कोअरवर गेला तर तो पेज टेबल वाचतो आणि अडतो, जुन्यावरच राहिला तर लिहून मोकळा. प्रोसेस बदलली म्हणून कर्नलच्या एंट्र्या जातीलच असं नाही. इन्व्हीएलपीजी (टीएलबीतली एक एंट्री काढायची इन्स्ट्रक्शन) मारला तरी तो फक्त चालू कोअरपुरता, बाकीच्या तिघांना आयपीआय (एका कोअरनं दुसऱ्याला दिलेला इंटरप्ट) पाठवून त्यांच्याकडून करून घ्यावं लागतं.

एवढं सगळं केलं तरी त्याच फिजिकल पेजचा दुसरा पत्ता डायरेक्ट मॅपमध्ये उघडाच राहतो. तिकडून लिहिलं तर कोण अडवते? सेट_मेमरी_आरओ एक्स८६ वर तो पण बंद करतं, म्हणून ते फंक्शन दिसतं तेवढं लहान नाही.

ऑरेंज_कर्नल

काकांनी सगळं सांगितलंच, फक्त एक. जुन्या २.६ च्या काळातले लेख वाचून करत असशील तर त्यात चेंज_पेज_अ‍ॅट्र आणि त्यानंतर वेगळं ग्लोबल_फ्लश_टीएलबी बोलवायचं असं दिसेल, अर्धे लोक दुसरं विसरायचेच. २००८ च्या २.६.२५ मध्ये सेट_मेमरी वालं कुटुंब आलं आणि फ्लश आतच गेला. आता त्यातले परवानगीवाले आरओ, आरडब्ल्यू, एक्स, एनएक्स मॉड्यूलला मिळत नाहीत, कॅशवाले यूसी, डब्ल्यूसी, डब्ल्यूबी ड्रायव्हरसाठी अजून एक्सपोर्ट (मॉड्यूलला वापरायला खुले) आहेत. केऑलसिम्स_लुकअप_नेमनं (नावावरून कर्नल फंक्शनचा पत्ता देणारं फंक्शन) चोरून पत्ता काढायचा रस्ता पण ५.७ मध्ये (२०२०) बंद केला. माझ्या मते बरंच केलं, नाहीतर कोणतंही मॉड्यूल कोणतंही पेज उघडून बसलं असतं.

आणि कोणी हे रास्पबेरी पायवर करणार असेल तर आर्म६४ वर केमॅलॉकचा पत्ता दिला की सेट_मेमरी_आरओ सरळ ईइनव्हॅल (चुकीचा आर्ग्युमेंट) एरर देतं, व्हीमॅलॉकचाच लागतो.

सावजी_सेगफॉल्ट

काका, लेव्हल २ च निघाली 🙏 आता समजलं. आणि व्हीमॅलॉकवाल्यात टास्कसेट कमांडनं टेस्ट एका कोअरला बांधली तर राइट होऊन जातो, दुसऱ्या कोअरला बांधली तर अडतो. पण मग मी करू काय? ऑन_ईच_सीपीयूनं सगळीकडे इन्व्हीएलपीजी चालवू का?

पेजफॉल्ट_काका

चालेल, पण कशाला? तुझं टेबल लोड होताना एकदाच भरतं ना. मग केमॅलॉक सोड, स्टॅटिक अ‍ॅरे कर आणि त्यावर आरओ_आफ्टर_इनिट लाव (आधी दोन अंडरस्कोर). ४.६ पासून (२०१६) आहे. इनिट फंक्शन यशस्वी होऊन परतलं की मॉड्यूल लोडर स्वतःच तो भाग रीड-ओन्ली करतो, फ्लश, दुसरा पत्ता, सगळं तोच पाहतो. कर्नल कॉन्फिगमध्ये स्ट्रिक्ट_मॉड्यूल_आरडब्ल्यूएक्स चालू आहे का तेवढं बघ, उबुंटूत असतं.

सावजी_सेगफॉल्ट

केलं काका. आता कोणत्याही कोअरवरून लिहिलं तरी डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) 'सुपरवायझर राइट अ‍ॅक्सेस इन कर्नल मोड' आणि खाली एरर कोड ०००३, परमिशन्स व्हायोलेशन. आधी एकदा ०००२ पण आला होता, तो काय असते?

पेजफॉल्ट_काका

एरर कोडचा बिट ० लागलेला म्हणजे पेज होतं पण परवानगी नव्हती, बिट १ लागलेला म्हणजे राइट करत होता. ३ मध्ये दोन्ही, म्हणजे तुला पाहिजे तोच फॉल्ट. ०००२ मध्ये पेजच मॅप नव्हतं, व्हीफ्रीनं मेमरी परत केल्यावर जुन्या पॉइंटरवर लिहिलं असशील, ते वेगळं शोध.

बर्डी_बॉय

हाव, पण टेबलाची साइज रनटाइमला ठरत असली तर?

ऑरेंज_कर्नल

जास्तीत जास्त किती लागेल तेवढा स्टॅटिक अ‍ॅरे घे, पॉइंटरच आहेत, ५१२ घेतले तरी एकच पेज. आणि सावजी, मॉड्यूल पॅरामीटरचा सेट कॉलबॅक (व्हॅल्यू बदलली की चालणारं फंक्शन) त्या टेबलात लिहीत असेल तर काढ. इनसमॉडनं मॉड्यूल लोड करताना तो इनिटच्या आधी चालतो म्हणून काही होणार नाही, पण गाइडसमोर कोणी सिसएफएसमधून (कर्नलच्या सेटिंग फाइली) व्हॅल्यू बदलली की तिथंच ऊप्स.