मदत हवी आहे: मिसिसिपीचा ध्वज, गोव्याचा कौल आणि मतपत्रिकेवरचे पर्याय

नमस्कार मंडळी,

एम.ए. राज्यशास्त्राच्या लघुप्रबंधात अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या ध्वजावर लिहितेय आणि एका शब्दापाशी अडलेय. मसुद्यात मी लिहिलं, '२०२० मध्ये मतदारांनी नवा ध्वज निवडला.' मार्गदर्शक बाईंनी 'निवडला'खाली रेघ मारून विचारलं, "कशातून?"

घडलं ते असं. १८९४ च्या ध्वजाच्या कोपऱ्यात गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या सैन्याचं चिन्ह होतं. २००१ मध्ये जुना की नवा असं मतदान झालं, तेव्हा सुमारे ६४ टक्क्यांनी जुनाच राखला. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची पोलिसाच्या हातून हत्या झाल्यानंतर विधिमंडळाने तो कायदा करून उतरवला, मतदारांना न विचारता. मग एक समिती नेमली आणि अटी घातल्या: ते चिन्ह नको, 'इन गॉड वी ट्रस्ट' (आमचा देवावर विश्वास) हे शब्द हवेत. लोकांनी हजारो चित्रं पाठवली. समितीने त्यांतून मॅग्नोलियाच्या फुलाचा ध्वज ठरवला आणि नोव्हेंबरमध्ये मतपत्रिकेवर तेवढा एकच आला. हो की नाही? सत्तर टक्क्यांहून जास्त लोक 'हो' म्हणाले.

जुना ध्वज गेला याचं मला मनापासून समाधान आहे. पण पुढचा भाग मला स्वस्थ बसू देत नाही. काही लोकांनी सह्यांची मोहीम काढली की जुना-नवा धरून चार ध्वज मतपत्रिकेवर ठेवा. सह्या हव्या होत्या १,०६,१९०, आणि अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) एका मतदारसंघातून पाचव्या हिश्शाहून जास्त चालणार नव्हत्या. नियम पाच मतदारसंघांच्या काळातला. २००० च्या जनगणनेनंतर उरले चारच! म्हणजे अक्षरशः वाचलं तर ऐंशी टक्क्यांपुढे जाताच येत नाही. मे २०२१ मध्ये औषधी गांजासाठीच्या अशाच सह्यांच्या मोहिमेवरील खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं आणि सह्यांची वाट सगळ्यांसाठीच बंद झाली.

मी म्हापशाची. हे वाचताना १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवत राहिला. मतपत्रिकेवर फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश. ३४,०२१ मतांनी पानं जिंकली. स्वतंत्र राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच, ते मिळायला १९८७ उजाडलं. आमच्या आजोबांचं मत फुलाला होतं.

तर दोन गोष्टींत मदत हवी. लोकांनीच सह्या गोळा करून प्रश्न मतपत्रिकेवर आणण्याला मराठीत काय म्हणावं? 'सार्वमत'मध्ये प्रश्न कुणी विचारला ते दिसत नाही. आणि १९६७ च्या वेळी तुमच्या घरी 'तिसरा पर्याय का नाही' असं कुणी बोलल्याचं ऐकलंय का?

प्रतिसाद १: 'जनपुढाकार' बघा, पुढाकार कुणाचा ते कळतं. आणि अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्याचं २००४ चं ध्वजाचं मतदानही घ्या. तिथे ध्वज दोन होते, २००१ चा आणि २००३ चा. ज्यावर तेच दक्षिणी सैन्याचं चिन्ह होतं आणि ज्यावरून एवढं रण माजलं तो १९५६ चा ध्वज यादीतच नव्हता. मिसिसिपीसाठी 'निवडला' खोडा, 'मंजूर केला' लिहा.

धागाकर्ती: 'मंजूर केला'! बाईंना हेच हवं होतं. जॉर्जिया आजच वाचायला घेते. पेडणे, डिचोली, सासष्टीकडचं कुणी असेल तर १९६७ चं जरूर सांगा, घरातली ऐकीव आठवणही चालेल.