गच्चीवरचा पिक्चर अर्ध्यात कुणी बंद केला?

आबा ३०२: सोसायटीच्या ग्रुपवरील सर्वांना नमस्कार. शनिवारी गच्चीवर 'मिस्टर इंडिया' लावला होता. मी गोळी घ्यायला दहा मिनिटं खाली गेलो. वर आलो तर पडद्यावर क्रिकेट! हनुमानाच्या मूर्तीचा सीन अजून यायचा होता. कुणी केलं ते मला माहीत आहे, पण त्यानं स्वतः सांगावं.

पिंट्या ४०१: आबा, मीच. पण पोरंच ओरडाय लागली, स्लो आहे, ग्राफिक्स नाहीत म्हणून. आणि शेवटच्या चारच ओव्हर राहिल्या होत्या ओ.

सेक्रेटरी: आबा, तुमचं म्हणणं रास्त आहे. पिंट्यानं विचारायला हवं होतं. आता विषय इथंच मिटवावा ही नम्र विनंती.

काकू १०३: माझी निळी सतरंजी गच्चीवरून परत आलेली नाही. कुणाकडं गेली असेल तर आणून द्यावी.

आबा ३०२: मिटवायचा कसा? प्रोजेक्टर वर्गणीतून घेतला तेव्हा काय ठरलं होतं? महिन्यातनं एक जुना पिक्चर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मॅच प्रत्येकाच्या घरात दिसते.

अण्णा १०१: प्रोजेक्टरला पैसे आहेत. पार्किंगच्या पट्ट्या मारायला नाहीत.

सेक्रेटरी: अण्णा, पट्ट्यांचा विषय मीटिंगमध्ये झालाय.

अण्णा १०१: झालाय म्हणजे चहा-बिस्कीट झालंय. पट्टी दाखवा मला एक.

आबा ३०२: पट्ट्या नंतर. पिंट्या, ग्राफिक्स नाहीत म्हणतोस ना, मग ऐक. १९८७ चा पिक्चर आहे. माणूस दिसत नाही आणि मूर्ती हवेत फिरून गुंडांना बडवते. हे पीटर परेरांनी कॉम्प्युटरशिवाय, कॅमेऱ्याच्या करामतीवर केलंय. आम्ही थेटरात बघितला तेव्हा सगळं पब्लिक उभं राहून शिट्ट्या मारत होतं. पोरांना हे आधी सांगितलं असतंस तर एकानंही मॅच मागितली नसती. पोरं कंटाळली हा पोरांचा दोष नव्हे. आपण मोठी माणसंच मोबाईल काढून बसलो होतो.

वहिनी २०४: आबा, राग नको, पण साडेदहा वाजता स्पीकर फुल्ल होता. माझ्या मुलाची सहामाही चालू आहे. हे मी मागंही बोलले होते.

पिंट्या ४०१: वहिनी, तुमचा मुलगा पहिल्या लाईनीत बसला होता.

वहिनी २०४: माहीत आहे. म्हणूनच बोलतेय.

काकू १०३: निळी सतरंजी. कडेला पांढरी पट्टी आहे.

अण्णा १०१: बघा, सतरंजीला पण पट्टी आहे.

मास्तर ३०४: पिंट्याची बाजू थोडी घेतो. जुनं सगळंच चांगलं असं नाही. मागच्या महिन्यात 'धरम वीर' पुन्हा बघितला, १९७७ चा. लहानपणी ज्यानं भारावून गेलो होतो, तो अर्ध्यात ठेवून झोपलो. पण नातवाला 'जुरासिक पार्क' दाखवला तर तो जागचा हलला नाही.

वहिनी २०४: सर, तो लावणार असाल तर आम्ही सगळे येतो! हिंदीत आला होता तेव्हा मी चौथीत होते. अख्खा पिक्चर बाबांच्या शर्टात तोंड खुपसून बघितला.

पिंट्या ४०१: त्याला ग्राफिक्स आहेत ना पण.

मास्तर ३०४: तुला वाटतं तेवढे नाहीत. १९९३ चा पिक्चर. दोन तासांत डायनासोर जेमतेम पंधरा मिनिटं दिसतात. पावसातला तो मोठा टी-रेक्स जिथं जवळून दिसतो तिथं ते खरं यंत्र होतं, वरून फोमची कातडी. ती पाणी प्यायची, जड व्हायची आणि जनावर थरथरायला लागायचं. मग शूटिंग थांबवून त्याला पुसत बसायचे. आणि पाण्याच्या ग्लासात गोल तरंग येतात बघ, त्यासाठी गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार लावून ती छेडली होती.

पिंट्या ४०१: गिटारची तार?? नाद खुळा! सर, मला हे आत्ता कळतंय.

आबा ३०२: मी तेच सांगतोय सकाळपासनं. हाताची कामं आहेत ही. डोळ्याला कळतं, समोर खरंच काहीतरी आहे.

पिंट्या ४०१: मग इंडियाना जोन्स लावूया का? आपले अमरीश पुरी व्हिलन असलेला. मिस्टर इंडिया झाला की तो, मोगँबोचा डबल धमाका.

मास्तर ३०४: 'टेम्पल ऑफ डूम'? माझा विरोध आहे. १९८४ चा पिक्चर. आपल्या सरकारनं शूटिंगला परवानगी नाकारली, मग ते श्रीलंकेत जाऊन केलं. त्यातलं जेवण आठवा. भारतीय राजाच्या पंगतीत माकडाचा मेंदू वाढतात! पोरं विचारतील, आपल्याकडं असं खातात का.

आबा ३०२: अमरीश पुरींचं काम बघा ना सर. परक्या माणसांत उभा राहून अख्खा पिक्चर खाल्लाय.

मास्तर ३०४: काम बिनतोड आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मोठ्यांनी बघावा आणि त्यावर बोलावं. पोरांना सरळ दाखवू नये.

वहिनी २०४: मी सरांच्या बाजूनं. कॉलेजात असताना बघितला होता. रोलरकोस्टरसारखी खाणीतली गाडी लई आवडली होती, पण त्या जेवणाला मैत्रिणी माझ्याकडंच बघून हसत होत्या. अजून राग येतो.

आबा ३०२: बरं. पटलं. तो राहू दे.

काकू १०३: सतरंजी अजून मिळालेली नाही.

अण्णा १०१: एक बोलू का? सगळे परदेशी आणि मुंबईचेच मोजताय. ही करामत आपल्या कोल्हापुरात झालीय. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथंच बनवला, खरी कॉर्नरला त्याचा स्तंभ आहे, रोज त्याला वळसा घालून गाड्या नेता. त्यांचा 'सिंहगड' १९२३ चा, रात्रीचे सीन कृत्रिम प्रकाशात काढलेले. आणि 'प्रभात' फिल्म कंपनी पुण्याला गेली १९३३ ला, त्याआधी इथंच होती. त्यांचा 'माया मच्छिंद्र' १९३२ चा. स्त्रीराज्य, जादू, मायाजाल, सगळं कोल्हापुरात उभं केलं. आमचे आजोबा त्याच्या गोष्टी सांगायचे. मला लहानपणी वाटायचं ते स्त्रीराज्य पन्हाळ्याच्या मागंच कुठंतरी आहे.

सेक्रेटरी: अण्णा, हे तुम्ही कधी बोलला नाही!

अण्णा १०१: पट्ट्यांमधून वेळ मिळू दिलात का?

पिंट्या ४०१: अण्णा, शनिवारी पिक्चरच्या आधी पाच मिनिटं तुम्ही हे पोरांना सांगा. माईक देतो.

वहिनी २०४: माईक नको. तोंडी सांगा. आणि आठला सुरू करा, अकराला बंद.

आबा ३०२: पिक्चर तीन तासांचा आहे. अण्णांची पाच मिनिटं धरून पावणेआठ.

सेक्रेटरी: ठरलं तर. शनिवार, पावणेआठ, 'मिस्टर इंडिया' पहिल्यापासून. मॅच लावल्यास ५०० रुपये दंड.

पिंट्या ४०१: मान्य. आबा, चुकलं माझं. मला तो सीन बघायचाच आहे आता.

वहिनी २०४: काकू, निळी सतरंजी माझ्याकडं आहे. आवाज जरा दबावा म्हणून मी ती स्पीकरवर टाकली होती. सकाळी झटकून आणून देते. माफ करा.

काकू १०३: तरी म्हटलं अमरीश पुरींचा आवाज इतका बारीक कसा येतोय.

वहिनी २०४: आबा, एक सांगायचं राहिलं. आमचा पोरगा शनिवारपासून रोज विचारतोय, तो माणूस लाल उजेडातच का दिसतो. काल दप्तरात लाल चॉकलेटचा कागद सापडला. डोळ्याला लावून शाळेत कोण गायब आहे ते बघतोय म्हणे.

आबा ३०२: चॉकलेटच्या कागदातनं नीट दिसणार नाही त्याला. उद्या महाद्वार रोडला जातोय, लाल जिलेटीन पेपर आणतो. किती पोरं आहेत तेवढं सांगा.